मास्तरांचं धुराडं

आमचे हे मलकापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. नागपूरला राहून शिकले होते, आणि ते शास्त्र शाळेत पुरतं खर्च होत नसे. उरलेलं घरी यायचं. घड्याळाचे सुटे भाग मी दोनदा पोह्यांतून वेचून काढले आहेत. म्हणून एका उन्हाळ्यात ते चुलीपाशी उकिडवे बसून धुराकडे टक लावून पाहू लागले, तेव्हा मला आधीच थकवा आला.

"तुये डोये पाह्य कसे लाल झाले," ते म्हणाले. "आपण धुराडं बसवू."

कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून जाळून डोळे खरंच लाल होते. मी हो म्हटलं. डोळ्यांची विचारपूस झाली की बाई हो म्हणतेच.

गल्लीच्या तोंडाशी पत्र्याचं काम करणारे एक म्हातारे चाचा बसत. त्यांनी घासलेटचे रिकामे डबे कापून नळी केली. घराच्या मातीच्या धाब्याला भोक पाडलं, तेव्हा दोन टोपली माती माझ्या पिठात पडली. दुसऱ्या दिवशी मी चूल पेटवली. धूर सरळ नळीत गेला. ह्यांचा चेहरा इतका उजळला की मलाही बरं वाटलं. मग वारा फिरला, आणि गेलेला सगळा धूर काजळी घेऊन परत आला.

"गरम हवा वरच जाते," हे खोकत म्हणाले.

"मंग खाली काऊन येऊन राह्यली?" सासूबाईंनी विचारलं.

चाचांना बोलावलं. ते वर चढून पाहून आले. "धुराड्याची नयी दोन हात वाढवा लागते मास्तर, अन् वर टोपी पाह्यजे. म्या पह्यलेच म्हनलं होतं."

"कधी म्हटलं?"

"मनात."

टोपी बसली आणि धुराडं चालू लागलं, हे कबूल केलं पाहिजे. स्वयंपाकघराची पलीकडची भिंत मला प्रथमच नीट दिसली. ती इतकी काळी होती की चुना द्यावा लागला, तो मीच दिला. हे येणाऱ्या-जाणाऱ्याला आत नेऊन दाखवायचे. सबंध वऱ्हाडात अशी चूल नाही म्हणायचे. मी प्रत्येकासाठी चहा टाकायची.

पावसाळा सरत आला तेव्हा सासूबाईंनी चुलीवरच्या आढ्याला टांगलेली ज्वारीची कणसं काढली. ती त्यांनी बियाण्यासाठी राखलेली होती. हातात घेताच पीठ गळलं. सोंडे लागले होते. आढ्यावर बोट फिरवलं तर उधईची, म्हणजे वाळवीची, माती निघाली.

ह्यांनी भिंग आणलं आणि दोन दिवस आढं तपासलं. मग आम्हा दोघींना समोर बसवून गंभीरपणे सांगितलं, "धूर होता म्हणून कीड लागत नव्हती."

"हे मले माह्या सासूनं सांगतलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग तू मले काऊन नाही सांगतलं?"

"तू इचारलं कुठी?"

ते भिंग पुसत बसले. मला त्यांची दया आली, पण धुराडं काढू या असं मी म्हटलं नाही. सहा महिने डोळे न चोळता भाकरी थापली होती. शेवटी मीच तोड काढली. दर शनिवारी नळीच्या तोंडात गोणपाट कोंबायचं, ओल्या पऱ्हाट्या आणि कडुनिंबाचा पाला पेटवायचा, दार ओढून घ्यायचं आणि सगळ्यांनी अंगणात बसायचं. ह्यांनी ते वहीत उतरवलं आणि वर 'सुधारित धुराडं' असं नाव दिलं. गोणपाट कोंबायचं काम माझ्याकडे आलं.

पुढे गल्लीत आणखी चार धुराडी झाली. चाचांच्या हाताला काम मिळालं. वर्षभरात त्या घरांतही उधई निघाली, तेव्हा बाया ह्यांच्याकडे गेल्या नाहीत, माझ्याकडे आल्या. मी घरोघरी जाऊन गोणपाट किती घट्ट बसवायचं ते दाखवलं.

"तुमी त खऱ्या मास्तरीन झाल्या," एक जण म्हणाली.

"हाव," मी म्हटलं, "पण मले सुट्टी नसते."