चार नंबरच्या खाटेवरची गोळी

डॉक्टरांनी माझ्या कमरेचा फोटो खिडकीच्या उजेडाला धरला आणि म्हणाले, "आजी, नेक ऑफ फीमर फ्रॅक्चर." म्हणजे मांडीचं हाड खुब्यात जिथे बसतं, तिथली त्याची मान मोडली होती.

मी विचारलं, "चालेन का?"

"आत खिळा घालू. चालाल. पण पुन्हा पडलात तर मग कायमची खाट."

हे शेवटचं मी पदराला गाठ मारून ठेवलं. पडले होते माझ्याच घाईने. नळ जायच्या आत पाणी भरायचं म्हणून ओल्या फरशीवर धावले. दोष फरशीला देत नाही.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यातून सोडलं तेव्हा खरा प्रश्न आला. माझा मुलगा प्रकाश एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर, सून सुमन शाळेत शिक्षिका, आणि क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. सहा आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. पंचवटीच्या पुढे एका ट्रस्टचं आरामघर होतं. दवाखान्यातून सुटलेल्या म्हाताऱ्यांना तिथे थोडे दिवस ठेवून घेत. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा अशी जागा म्हटली की लोकांना वाटायचं, मुलाने आईला टाकलं. प्रकाश दारात रडायला लागला. मी म्हटलं, "रडायचं तर घरी जाऊन रड. मी सहा आठवड्यांनी माझ्या पायांनी जिना चढणार आहे."

जागा वाईट नव्हती, हे आधी सांगते. न्हाणीघरात भिंतीला धरायला लोखंडी नळी होती, फरशी कोरडी करायला एक बाई ठेवली होती. तुमच्या घरच्या म्हाताऱ्याला कुठे ठेवायची वेळ आली, तर आधी न्हाणीघर बघा. देवघर नंतर.

आमच्या खोलीत सहा खाटा. तीन एका भिंतीला, तीन समोरच्या. नंबर खाटेच्या वर भिंतीवर रंगवलेले. आम्हालाही नंबरानेच हाक. मी एक नंबर. सकाळी सिस्टर गोळ्यांच्या पुड्या बांधून त्यावर नंबर घालायच्या आणि लीला नावाची आया त्या वाटायची. लीलाला वाचता येत नव्हतं, आकडे तेवढे ओळखायची. तोंड न बघता, भिंतीवरचा आकडा बघून एकची पुडी एकला, दोनची दोनला. इतकी सरळ पद्धत, की कोणी विचारच केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात समोर चार नंबरला भागीरथीबाई आली. विंचूरकडची, कांदा पिकवणारी, मोतीबिंदू काढलेला, एका डोळ्याला पट्टी. शिवाय डायबेटिस, म्हणजे रक्तात साखर वाढायचा आजार. पहिली रात्र ती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, "काय गं, खाट टोचते का?"

"खाट नाय टोचत. पाय दक्षिनेला होत्यात. मेलेल्या मानसाचे करत्यात तसे. मी अजून मेली नाय."

"मग उशी दुसरीकडे घे."

"खाटंचं डोकं उचलेलं हाय. उलटं झोपलं तर घसरून खाली येईन, लसणाच्या पाकळीवानी."

मला हसू आलं. आम्ही बौद्ध. दिशा, मुहूर्त, ग्रहण हे गाठोडं केव्हाच गोदावरीत सोडलं. माझ्या खाटेचं डोकं दक्षिणेला होतं, तिला हवं तसं. मी म्हटलं, "घे माझी खाट. माझे पाय कुठेही असले तरी मोडलेलेच आहेत."

संध्याकाळी आम्ही खाटा बदलल्या. मला मोठेपणा वाटला, की बघा, मी कशी अडाणी समजुतीतून मोकळी! कोणाला सांगायचं मात्र सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला लीला आली. "चार नंबर, गोळी घ्या." मी घेतली. मी चौथी शिकलेली, आकडे-अक्षरं येणारी बाई. पुडीवरचा चार मी वाचलासुद्धा. चार नंबरच्या खाटेवर बसून चारची पुडी गिळली, त्यात चुकलं काय, असंच वाटलं. रोजची माझी गोळी मोठी असायची, ही बारीक. तरी डोकं चाललं नाही.

नाष्टा साडेआठला असे. आठच्या सुमारास वॉकर, म्हणजे धरून चालायची लोखंडी चौकट, घेऊन मी न्हाणीकडे निघाले. दारापर्यंत गेले आणि घाम फुटला. हात थरथरायला लागले, चौकट खडखड वाजायला लागली. डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टरांचं वाक्य आठवलं. पुन्हा पडलात तर कायमची खाट. जिना गेला, असं वाटलं.

मागून भागीरथीबाई ओरडली, "लीले, स्टूल आन! ही बाई पडती!" लीलाने स्टूल सरकवलं, मी बसले. भागीरथीबाईने एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. "घाम, कापरं... आगं, ही तर माझी तऱ्हा! तुला साखर उतरलीय." तिने कंबरेची चंची सोडली, सुपारीखालून गुळाचा मोठा खडा काढला आणि माझ्या तोंडात कोंबला. "चाव. बोलू नको."

साखरेच्या पेशंटने गूळ लपवून ठेवलेला! त्या गुळाने मी वाचले. थोड्या वेळाने हात थांबले.

डॉक्टर आले. म्हणाले, "हायपोग्लायसेमिया. रक्तातली साखर एकदम खाली येणं. साखर उतरवायची गोळी घेतली आणि वर खाल्लं नाही, तर असं होतं." माझ्यावर दिवसभर नजर ठेवायला सांगितलं आणि दर थोड्या वेळाने खाऊ घातलं. भागीरथीबाईच्या पोटात माझी कॅल्शियमची गोळी गेली होती. तिला काही झालं नाही. फक्त चंची जप्त झाली. ती म्हणाली, "हाडं घट झाली आसतील माझी. पन गूळ गेला, लय वाईट झालं."

ट्रस्टचे सेक्रेटरी आले आणि लीलाला काढतो म्हणाले. ती पदर तोंडाला लावून उभी.

मी म्हटलं, "साहेब, तिने चारची पुडी चारला दिली. तुम्ही शिकवलं तेच केलं. खाट आम्ही बदलली, तोंड आम्ही मिटलं. आणि खाट गोळी खात नाही, माणूस खातं. गोळी देण्याआधी नाव विचारा. आम्ही म्हाताऱ्या आहोत, नाव विसरलेलो नाही."

सिस्टरला पटलं. दुसऱ्या दिवसापासून पुडीवर नाव. सिस्टर स्वतः वाचणार, लीला पाणी देणार. पण खोलीत दोन सरस्वतीबाई होत्या, म्हणून पूर्ण नाव सांगायचं ठरलं आणि गाडं अडलं. पूर्ण नाव म्हणजे मधे नवऱ्याचं नाव. मी माझं सरळ सांगितलं. बाकीच्या लाजून उशीत. शेवटी भागीरथीबाई उठून बसली.

"चहात नाही साखर, भाजीत नाही गोडी,
दगडूरावांचं नाव घेते, द्या माझी पुडी!"

मग काय, रोज सकाळी उखाणे. दोन्ही सरस्वतीबाई तर आदल्या दिवसापासून जुळवाजुळव करायच्या. शेजारच्या खोलीतले म्हातारे दाराशी येऊन ऐकायचे. गोळ्या वाटायला दुप्पट वेळ लागायचा, पण चूक पुन्हा झाली नाही.

तर सांगायचं हे, की आपल्या माणसाला अशा जागी ठेवताना गोळ्या कोण देतं, कशी देतं, हे विचारा. आणि तुम्हीच पेशंट असाल तर गिळण्याआधी बघा. गोळी वेगळी दिसली तर भांडा. भागीरथीबाईचे उपकार मी मानते. तिने पुढे घरी कांद्याची गोणी पाठवली. मी गूळ पाठवला नाही.

सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी नवा फोटो बघून मान डोलावली. प्रकाश मला उचलून न्यायला मित्र घेऊन आला होता. मी मित्राला पिशवी धरायला दिली आणि क्वार्टरच्या जिन्याच्या कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत दोन मजले चढले.

वर सुमनने पाणी आणि गोळी पुढे केली.

"आधी नाव विचार."

"आई, घरात म्हातारी एकच आहे."

"आज एक आहे. उद्या तुझी आई राहायला आली तर?"

तिने हसत विचारलं. मी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव मोठ्याने सांगितलं, गोळी घेतली आणि चहा टाकायला माझ्या पायांनी स्वयंपाकघरात गेले.