खिशातली कडी

"बटण डोळ्यांसमोर असेल तर हात घाल. नसेल तर कुलूप घाल, आणि किल्ली सख्ख्या भावालाही देऊ नकोस." हे वाक्य त्या वायरमनच्या तोंडी इतकं बसलं होतं की लोक त्याला कुलूपमामाच म्हणायचे. त्यालाही ते नाव मानाचं वाटे.

स्वयंपाकघरातलं यंत्र प्लगचं असेल तर प्लग उपटून शेजारी ठेवता येतो, मन निर्धास्त होतं. पण ज्याची वायर थेट भिंतीत गेली, त्याचा श्वास दूर कुठल्या तरी बोर्डावरच्या एमसीबीच्या बटणाच्या हाती. ती खाली पाडून आपण वर कामाला लागायचं आणि खाली कुणी शहाण्याने ती उचलायची! मामाच्या डाव्या हाताची दोन बोटं तरुणपणी अशीच भाजली होती, ती अजून सरळ होत नव्हती. म्हणून तो अशा प्रत्येक एमसीबीवर एक लोखंडी कडी स्क्रूने बसवायचा. एमसीबी पाडायची, कडीत कुलूप, किल्ली खिशात. काम झालं की कुलूप निघायचं, कडी मात्र तिथेच राहायची. ती पुढच्या माणसासाठी.

एका दुपारी जेवून उठल्यावर रुमालासाठी त्याने खिशात हात घातला, तर बोटांना कडी लागली.

त्याने ती बाहेर काढून पाहिली. सकाळी तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंचा ओव्हन त्याने जोडला होता. नव्या कड्या संपल्या होत्या, म्हणून किरकोळ दुरुस्त्यांना तात्पुरती लावून परत आणायची स्वतःची जुनी कडी लावली. तीच तिथे सोडून यायची, असं ठरवलंही होतं. पण निघताना तळमजल्यावरच्या शिंप्याशी गप्पा रंगल्या आणि वीस वर्षांच्या सवयीच्या हातांनी कुलपाबरोबर कडीही सोडवली. आता तीन वाजत आले होते. त्या ओव्हनचा पंखा घरघरत होता, तो बदलायला तीनला कंपनीचं माणूस यायचं होतं. आणि ते माणूस म्हणजे मामाची लेक.

'बाबांनी जोडलंय म्हणजे कडी असणारच,' असं म्हणून ती निघाली असेल. कडी दिसली नाही तर? घाईत नुसती एमसीबी पाडून वर गेली तर? बोर्ड जिन्याखाली, शिंप्याच्या मशीनला लागून. त्याची इस्त्री पूर्वी रोज एमसीबी पाडायची. पडलेलं बटण दिसलं की वर करायचं, हे त्याला झोपेतही जमलं असतं.

मामाने लेकीला फोन लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. त्याने सायकल काढली. वयाला न शोभेल अशा वेगाने तो रस्ता कापत होता, आणि मनात एकच हिशेब: आता ती स्क्रू काढत असेल, आता मागचा पत्रा निघाला असेल, आता हात आत.

इमारतीत शिरून त्याने बोर्ड पाहिला. ओव्हनची एमसीबी वर होती.

"कोणी उचलली?" त्याने एमसीबी खाड्कन पाडली.

"मी नाही बुवा," शिंपी मशीन थांबवून म्हणाला. "तुमच्या लेकीने तंबी दिलीय, बोर्डाला हात लावाल तर बोटं शिवून देईन म्हणून."

मामाला ते ऐकूही आलं नाही. तो तीन मजले चढला. दार उघडंच होतं. लेक स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसली होती. ओव्हनचा एकही स्क्रू निघाला नव्हता.

"एमसीबी वर होती," तो कसाबसा म्हणाला.

"असणारच. कडी नाही, तर मी पाडून काय करू? दोनदा तुम्हालाच फोन लावला. दोन्ही वेळा व्यस्त."

"मी तुलाच लावत होतो."

ओट्याशी उभ्या बाई हसल्या. लेक हसली नाही. तिने हात पुढे केला. "काढा."

मामाने कडी तिच्या तळहातावर ठेवली. तिने त्याच्या भाजलेल्या बोटांकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "चुकलात ना बाबा. होतं."

"तू खुळ्यासारखी सुरू केलं असतंस तर?"

"केलं नाही ना. कुणाची लेक आहे?"

दोघं खाली आली. कडी तिनेच बसवली. स्क्रू त्याने दोनदा तपासला. तिने स्वतःचं कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि वर गेली. कुलूप लागलं होतं, तरी ती परत येईपर्यंत मामा बोर्डासमोरून हलला नाही. शिंप्याने स्टूल दिलं, त्यावरही बसला नाही.

काम संपलं. तिने कुलूप काढलं, कडी राहू दिली. मामाने सायकलचं हँडल धरलं आणि चालतच निघाला. चार पावलांवर थांबून खिसा चाचपला, मग पुढे गेला. कोपऱ्यापर्यंत तो आणखी दोनदा थांबला. शिंपी सुईत दोरा ओवायचा विसरून बघत होता, आणि त्याच्या मागे, बोर्डाच्या दारावर हात ठेवून, लेक.