आरोहीचे दात

माकणीच्या प्रीतीला जुळी झाली, एक मुलगी आणि एक मुलगा, त्याच दिवशी तिनं मनाशी ठरवलं होतं की दोघांत गुंजभरही फरक करायचा नाही. माहेरी, भूमला, भावाच्या वाटीत साय आणि तिच्या वाटीत नुसतं दूध, हे तिनं बारावीपर्यंत पाहिलेलं. म्हणून झबलं आणलं तर दोन, खुळखुळा आणला तर दोन. नवरा अमृत, एसटीत कंडक्टर, चिडवायचा, "शिंक बी दोघांस्नी सारखीच यायला पायजे का गं तुला?"

दातांनी मात्र तिचं ऐकलं नाही. कृष्णराजला सातव्या महिन्यात खालचे दोन दात आले. आरोहीच्या हिरड्या अकरावा महिना सरत आला तरी कोऱ्याच. प्रीतीच्या जिवाला घोर लागला. दिवसातून दहादा ती लेकीच्या तोंडात बोट फिरवी. पोरगी रडे, मग हीही रडे. कृष्णराज मोठ्यानं रडतो म्हणून त्याला आधी पाजलं, त्यानंच लेकीचे दात मागं राहिले का? आपल्याही हातून तेच घडलं का? कुणाला विचारायचं तर उत्तराचीच भीती.

सासूबाई, सरुबाई, नातीला फार जपत. कृष्णराजला दात दिसले तेव्हापासून त्यांचं एकच चाले, "येतील गं. तवर दाळीचं पाणीच दे तिला. दात न्हायत, घास अडकल नरड्यात."

"व्हय आत्या," म्हणून प्रीती तसंच करी. कृष्णराजला वरणात कुस्करलेली भाकरी, आरोहीला वरचं पाणी.

शेवटी वजनाच्या दिवशी अंगणवाडीत तिनं धीर करून विचारलंच. सेविका शिवगंगाताई हसल्या. "पोरांचे दुधाचे दात पोरींच्या थोडे आदी येत्यात लई वेळा. त्यात ज्याची त्याची ठेवण येगळी, जुळी असली तरी. सव्वा वर्षापतोर वाट बघू, न्हाय तर डॉक्टरला दावू. तुझं काय चुकलं न्हाय."

किती दिवसांनी प्रीतीनं मोकळा श्वास घेतला. मग ताईंनी आरोहीला काट्यावर ठेवलं, कार्ड पाहिलं आणि त्यांचं हसू मावळलं. सहा महिन्यांपर्यंत दोघांची वजनं बरोबरीनं वाढलेली. पुढं आरोहीचं जवळजवळ थांबलेलं.

"हिला खायला काय देतीस?"

"दाळीचं पाणी. दात न्हायत ना, ताई."

"अगं, मऊ घास हिरड्यांनी खात्यात लेकरं! पाण्यानं नुसतं पोट फुगतंय. आजपासनं दोघांना एकच जेवण."

प्रीतीला तिथं उभं राहवेना. दात तिच्या हातात नव्हते, वाटी होती. पाच महिने दोन वाट्या तिनंच भरल्या होत्या, एक घट्ट आणि एक पातळ, आणि काळजी करत बसली होती ती दातांची.

घरी येऊन तिनं वरणात भाकरी अगदी मऊ कुस्करली आणि बोटाच्या टोकाएवढा घास आरोहीला भरवला. आरोहीनं तो हिरड्यांनी चघळला, गिळला, आणि पुन्हा तोंड उघडून आईकडं बघत राहिली. वाटी रिकामी झाली तरी तिनं ते मिटलं नाही.