कठड्यातला भोंगा

नदीवर नवा पूल झाला तेव्हा इस्त्रीवाल्या काकूंनी मनाशी पक्कं केलं, की पूल ओलांडायचा, पण कठड्याला हात लावायचा नाही. कपडे पोचवायला-आणायला त्या रोज पलीकडे जात, डोक्यावर गठ्ठा आणि दोन्ही हात गठ्ठ्याला. वारा सुटला की लोक कठडा धरत. काकू गठ्ठाच आणखी घट्ट धरत.

कठडा साधा नव्हता. तिथे पूर्वी नाव चालायची. एका पुरात ती उलटली. बुडालेल्यांची आठवण राहावी म्हणून पूल बांधताना समितीने त्यांच्या घरोघरी जाऊन पितळ मागितलं. कुणी तांब्या दिला, कुणी कुलूप, कुणी दाराची मूठ. ते वितळवून कठडा ओतला. मग काय, लोकांनी कठडाच वाटून घेतला. "हा आमच्या आत्याचा भाग, इथे टेकू नका," म्हणणारे निघाले. शेजारच्या शिंपिणीने तर दिव्याच्या खांबाजवळचा तुकडा आपल्या भावाचा ठरवून टाकला होता, आणि दर रविवारी ती तो लिंबाने घासायची.

काकूंच्या घरी समिती आली नाही. नाव चालवणारे काकूंचेच यजमान होते. तेही बुडाले, पण बुडालेल्यांत त्यांना कुणी धरलं नाही. जास्त माणसं घेतली म्हणून नाव उलटली असं लोक म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. शेवटची फेरी, सगळ्यांना घरी जायची घाई, आणि 'नाही' म्हणणं त्या माणसाला जन्मात जमलं नाही. काकूंना त्यांचा फार राग येई. रागामागोमाग ते इतके आठवत, की इस्त्री कापडावर तशीच राही. एका गिऱ्हाइकाची बाही त्यात जळली होती.

नावेचा पितळी भोंगा तेवढा काठावर सापडला. संध्याकाळी नदीच्या मध्यावर आले की ते तो वाजवत, आणि इकडे काकू चहाचं आधण ठेवत. "आले तुमचे महाराज," शिंपीण भिंतीपलीकडून चिडवायची. तोच भोंगा काकू स्वतः कठडा ओतणाऱ्या ओताऱ्याकडे ठेवून आल्या. दुसऱ्या दिवशी समितीचा निरोप आला, भोंगा चालणार नाही. काकू तो परत आणायलाही गेल्या नाहीत.

अशी कितीतरी वर्षं गेली. एका रविवारी तोच ओतारी, आता पार म्हातारा झालेला, लेकीच्या लग्नासाठी शर्ट घेऊन दुकानात आला.

"गुडघे गेले, वहिनी," तो बाकावर टेकत म्हणाला. "पुलावर कठडा आहे म्हणून निभतं. तुमच्या मालकांनी आम्हाला तेव्हाही पार नेलं, आताही नेतात."

काकूंनी इस्त्री उभी केली. "ते कुठे आहेत त्यात? भोंगा नको म्हणाले होते ना?"

"ते म्हणाले. मी टाकला."

"कुठल्या तुकड्यात?"

"तुकडा कसला? सगळं एकाच भट्टीत वितळवलं. तांब्या कुठला नि कुलूप कुठलं, आता ब्रह्मदेव आला तरी सांगता यायचं नाही. लोक उगाच वाटण्या करून बसलेत."

"इतकी वर्षं बोलला नाहीत."

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल. रोज तर जाता पुलावरून."

काकूंनी इस्त्रीची पिन काढली. "बसा, आलेच," म्हणून त्या अर्धा शर्ट तसाच टाकून निघाल्या.

डोक्यावर गठ्ठा नसताना त्या पहिल्यांदाच पुलावर येत होत्या. दिव्याच्या खांबाजवळ शिंपीण घासत बसली होती. काकूंनी तिच्या शेजारीच कठड्यावर हात ठेवला. पितळ उन्हाने तापलं होतं. हात काढावासा वाटेना.

"हा माझ्या भावाचा आहे," शिंपीण म्हणाली.

"माहीत आहे. आमचेही त्यातच आहेत. ओताऱ्याने भोंगा सगळ्यांबरोबर वितळवला."

 शिंपिणीने पिशवीतून लिंबाची दुसरी फोड काढली आणि काकूंपुढे धरली.

"मग घासा की तुम्हीही," ती म्हणाली. "दोघांचं मी एकटीने किती करायचं?"