वानखडेबाईंनी उतरवलेले विमान

कुणी मदतीला हात पुढे केला की वानखडेबाई त्या हातात काहीतरी ठेवायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या हातात अर्धा किलो गवार ठेवली. आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीची लिफ्ट बंद होती, बाई काठी टेकत जिना चढत होत्या, आणि नव्याने राहायला आलेला सज्जन शेजारी म्हणून मी त्यांचा दंड धरायला गेलो. बाई थांबल्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिले, मग तोंडाकडे पाहिले आणि पिशवीतली गवारीची पुडी काढून माझ्या तळव्यावर ठेवली. "धरा. हात रिकामा दिसतोय तुमचा." एवढे बोलून त्या तिसऱ्या मजल्यापर्यंत एकट्या चढल्या, आणि मी गवार घेऊन मागून. दारात पोहोचल्यावर त्यांनी पुडी परत घेतली आणि माझे आभार मानले, तेही गवार आणून दिल्याबद्दल.

बाई मूळच्या अकोल्याच्या. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीसाठी विशीत पुण्याला आल्या आणि इथल्याच झाल्या. हुद्दा अनुरेखक. म्हणजे इंजिनिअरने पेन्सिलीने काढलेल्या ड्रॉइंगवर आरपार दिसणारे कापड अंथरायचे आणि तीच रेघ शाईने पुन्हा ओढायची. चौतीस वर्षे त्यांनी दुसरे काही केले नाही. "धरणं साहेबांची, रेघ माझी," त्या सांगत. "साहेबाची पेन्सिल थरथरली असली तर ती थरथरसुद्धा मीच सरळ करायची, आणि साहेबाला सांगायचंही नाही."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा वाचली, पायाचे काठीवर भागले. उजव्या हाताने मात्र दगा दिला, आणि त्यातही ज्यांच्यात जन्मभर पेन होते तो अंगठा आणि ते पहिले बोट सर्वांत जास्त बिघडले. मुलगा नितीन आणि सून मनीषा ही गुणी माणसे. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांची बाजू जरा पडती दिसेल. ती दोघे बाईंची भाकरी कुस्करून देत, बटणे लावून देत, चष्मा पुसून देत. त्यांच्या खालीच आमचे घर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसातून दहा वेळा एकच वाक्य ऐकू यायचे, "आई, राहू दे, मी करतो." त्यानंतर जी शांतता पसरायची ती मला फारशी चांगली वाटत नसे.

बँकेतला प्रसंग मी डोळ्यांनी पाहिला. बाईंची सही जुळत नव्हती. काउंटरवरच्या पोराने अगदी अदबीने शाईचे पॅड पुढे सरकवले आणि म्हणाला, "आजी, अंगठा चालेल." बाईंनी ते पॅड तितक्याच अदबीने मागे सरकवले. "तुम्ही पिता ते पाणी ज्या भिंतीमागे अडलंय ना, ती भिंत या हातानं ओढलीय. अंगठा लावायला मी अजून शिकले नाही. नवीन सहीचा फॉर्म असेल तर द्या." मग बाकावर बसून त्यांनी त्या फॉर्मवर सही केली. एका सहीला पाच मिनिटे, अशा तीन सह्या. अक्षर पावसात भिजलेल्या गांडुळासारखे होते. फॉर्म देताना म्हणाल्या, "आजपासून ही माझी सही. जुनी विसरा." नितीन शेजारी उभा राहून घाम पुसत होता.

मी एका कारखान्यात माल तपासण्याचे काम करतो आणि रविवारी सकाळी रेडिओवर चालणारी छोटी विमाने उडवतो. एका रविवारी विमान काखोटीला मारून मी फाटकातून येत होतो, तेव्हा बाकावर बसलेल्या बाई हातातला रबरी चेंडू दाबत होत्या. फिजिओथेरपीवाल्या मुलीने दिलेला.

"हे कोण बांधतं?" त्यांनी विचारले.

"मीच. लाकडाचे तुकडे खोक्यात मिळतात, ते जोडायचे."

"कशानं?"

"हातानं."

"मग दाखवा की. की गुप्त आहे?"

घरी माझ्या टेबलावर पुढच्या विमानाचे ड्रॉइंग पसरलेले होते. अशा विमानाचे ड्रॉइंग खऱ्या मापाचे असते. त्यावरच लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी रोवायच्या, पंखाच्या फासळ्या उभ्या करायच्या, गोंद सोडायचा. बाई त्या कागदावर वाकल्या आणि किती तरी वेळ वाकूनच राहिल्या. चौतीस वर्षे त्यांनी अख्खी धरणे हातभर कापडावर बसवली होती. वस्तू आणि तिचे चित्र एकाच मापाचे असते, हे त्या पहिल्यांदा पाहत होत्या. "म्हणजे रेघ मारली की तिथंच वस्तू उभी राहते," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रबरी चेंडू सोसायटीच्या कुत्र्याला मिळाला, आणि पंधरा दिवसांत बाईंच्या घरी खोके आले.

त्यात बाल्सा नावाचे लाकूड असते, पापडापेक्षा थोडे जाड आणि जवळजवळ तितकेच ठिसूळ. धड हाताच्या माणसाकडूनही ते पटकन मोडते. बाईंनी जेवणाचे टेबल ताब्यात घेतले, कारण घरात तेवढीच एक जागा सपाट होती. कुटुंब जमिनीवर जेवू लागले. टाचण्या इतक्या सांडायच्या, की त्या घरात पाहुण्यांना चपला काढू नका असे सांगावे लागे. पहिल्या महिन्यात चार फासळ्या झाल्या आणि नऊ मोडल्या. मोडलेल्या फासळीचे दोन तुकडे जोडून त्या पुन्हा वापरत. "मीही तशीच वापरात आहे," असे वर म्हणत.

एका दुपारी त्या झोपल्या असताना नितीनने, बिचाऱ्याने, आईला आनंद होईल म्हणून तीन फासळ्या स्वतः चिकटवल्या. नीट चिकटवल्या होत्या, मी पाहिल्या. बाईंनी उठून चहा घेतला आणि ब्लेडने त्या तिन्ही सोडवल्या.

"आई, काय वाकडं होतं त्यात?"

"काहीच वाकडं नव्हतं. त्यावरूनच ओळखलं माझ्या नाहीत म्हणून."

नितीन त्या दिवशी जेवला नाही. मी मध्यस्थी करायला गेलो, तर माझ्या हातात टाचण्यांचा डबा आला.

सात महिने लागले. उजव्या हाताने गोंद जास्त सांडल्यामुळे विमानाचा उजवा पंख जड झाला होता, म्हणून डाव्या पंखाच्या टोकाला एक खिळा चिकटवून तोल साधला. वरचे रंगीत आवरण इस्त्रीने ताणून बसवतात. ते काही ठिकाणी नऊवारीच्या निऱ्यांसारखे चुणले. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चार छोटे चौकोन असतात, कुणी काढले, कुणी गिरवले, कुणी तपासले, कुणी मंजूर केले. नोकरीत बाईंचे नाव कायम दुसऱ्या चौकोनात असे. या कागदावर त्यांनी चारही चौकोनांत आपली ती नवी सही ठोकली.

उडवायला आम्ही मांजरी गावाच्या पुढे, ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात जात असू. रानाचे मालक तात्या आम्हाला ओळखत आणि आमच्याकडे बघून हसत. शिकवताना दोन रेडिओ वायरने जोडतात. एक शिकणाऱ्याकडे, एक शिकवणाऱ्याकडे. मी माझ्या रेडिओचा खटका दाबून धरला की विमान बाईंचे ऐकणार. खटका सोडला की माझे. म्हणजे विमान पडू लागले तर वाचवता येते. वळवण्याचे आणि नाक वरखाली करण्याचे काम उजव्या हाताच्या दांडीवर असते. ते डावीकडे देण्याची सोय रेडिओत आहे, तसे मी सुचवले. बाई म्हणाल्या, "आणि उजव्या हाताला काय पेन्शन द्यायची?"

पाचसहा रविवार गेले. हवेत त्या बऱ्या उडवू लागल्या. राहिले होते ते उतरवणे. उतरताना विमान हळू असते, जमीन जवळ असते आणि अंगठ्याला उशीर चालत नाही. ज्या रविवारी त्या पहिल्यांदा उतरवणार होत्या, त्या दिवशी नितीन आणि मनीषाही आले. नितीनने मोबाईल धरला. विमान खाली येऊ लागले, माणसाच्या उंचीवर आले आणि डावा पंख झुकला. सात महिने माझ्या डोळ्यांसमोरून गेले. मी खटका सोडला, पंख सरळ केला आणि खटका पुन्हा दाबला. सगळे मिळून दोन सेकंद. विमान अलगद टेकले, थोडे धावले आणि थांबले. आम्ही टाळ्या वाजवल्या. नितीन रडत होता.

बाई हलल्या नाहीत. "शेवटी कोण होतं?"

"तुम्हीच," मी म्हणालो.

"देशमाने, माझा अंगठा अजून निम्म्या वाटेवर होता आणि विमान आधीच सरळ झालं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते. "चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघेवर रेघ मारली. माझी रेघ कुठं संपते आणि दुसऱ्याची कुठं सुरू होते, हे मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?"

गोड बोलून फसवल्यावर पकडले गेलेल्या माणसाला जशी लाज वाटते, तशी वाटली. बाईंनी दोन रेडिओंमधली वायर उपसली, गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "बॅटरी बदला, विमान माझ्या रेडिओला जोडा. पुन्हा."

"आई, आज नको," नितीन म्हणाला. "मोडलं तर? सात महिन्यांची मेहनत आहे."

"कुणाची?"

मनीषाने नितीनच्या हातातला मोबाईल घेतला आणि स्वतः चित्रण सुरू केले.

विमान बाईंनीच वर नेले. दोन चकरा छान झाल्या. माझे दोन्ही हात मोकळे होते आणि ते कुठे ठेवावेत हे मला समजत नव्हते, इतकी मला त्या खटक्याची सवय होती. तिसऱ्या चकरेला त्यांनी विमान खाली आणायला घेतले. पंख पुन्हा झुकला, या वेळी उजवा. बाईंच्या अंगठ्याने दांडी ढकलली, ती जेव्हा जायला हवी होती त्याच्या किंचित नंतर. विमान आमच्या डोळ्यांदेखत बाजूच्या उभ्या उसात शिरले. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. नितीनने डोक्याला हात लावला होता.

बाई आमच्याकडे वळल्या. "का? आता टाळ्या नाहीत?"

नितीनने डोक्यावरचा हात खाली घेतला.

"मघाशी देशमान्यांनी उतरवलं, तेव्हा हात दुखेपर्यंत वाजवल्यात. हे मी उतरवलंय. वाजवा की."

सर्वांत आधी मनीषाने वाजवल्या, एका हातात मोबाईल धरून दुसऱ्याने मांडीवर. मग नितीनने, मग मी. मोडक्या विमानासाठी भर रानात तीन शहाणी माणसे टाळ्या वाजवत होती. बांधावरून तात्या धावत आले. "मधल्या सरीत हाय बघा, बाई. घेऊन येऊ का?" "तुम्ही वाट दाखवा," बाई म्हणाल्या, "आणते मी." ढेकळांतून काठी टेकत त्या गेल्या आणि पंखाचे दोन तुकडे छातीशी धरून आल्या. उसाच्या पात्याने गाल कापला होता. इतक्या खूश मी त्यांना त्याआधी पाहिले नव्हते.

पुढचे दीड वर्ष त्या विमानाचे मोडणे आणि जोडणे चालू होते. नंतर नंतर ते चाकांवर उतरूही लागले, पण तेव्हा आम्ही दोघेच रानात असू आणि चित्रण करायला कुणी नसे. गेल्या उन्हाळ्यात बाईंना दुसरा झटका आला. या वेळी तीन दिवसही मिळाले नाहीत.

चौदाव्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये मंडळी जमली. अकोल्याहून नातलग आले होते. नितीनने पडद्यावर आईचे फोटो दाखवले आणि शेवटी विमानाचा व्हिडिओ लावला. पहिला. डावा पंख झुकला, सरळ झाला, विमान अलगद टेकले. हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. बाईंचे थोरले भाऊ म्हणाले, "विमलचा हात शेवटपर्यंत किती स्थिर होता, बघा."

मी उभा राहिलो. अशा जागी बोलायची मला सवय नाही आणि बोलू नये हेही कळत होते. "तो हात माझा होता," मी म्हणालो. "बाईंचा हात थरथरत होता. त्या हातानं उतरवलेलं विमान दुसऱ्या व्हिडिओत आहे. नितीन, तो लाव."

"काका," नितीन हळूच म्हणाला, "त्यात पडलंय ते. सगळे बसलेत."

"बसलेत म्हणूनच सांगतोय."

मागून मनीषा म्हणाली, "लाव."

त्याने लावला. विमान वळले, झुकले आणि सगळ्यांच्या समोर उसात गेले. तो आवाज हॉलमध्ये फार मोठा वाटला. मग पडद्यावर टाळ्या सुरू झाल्या. जमलेली माणसे एकमेकांकडे बघू लागली. बाईंचे भाऊ गोंधळून म्हणाले, "अरे, पडलं ना ते?"

"नाही मामा," नितीन म्हणाला. "आईनं उतरवलं."

आणि त्याने तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.