साहेबांच्या लॅपटॉपवरचा हार

मॅडम चष्मा काढायच्या, त्याची काडी स्क्रीनवर टेकवायच्या आणि विचारायच्या, "हाऊ पत्ता कोना घरना शे?" हा पत्ता कोणाच्या घरचा आहे? त्या मूळच्या नामपूरच्या. संताप आला की अहिराणी बाहेर पडायची.

अंबडच्या आमच्या कारखान्यात सुटे भाग तपासण्याचा प्रोग्रॅम त्या सांभाळायच्या. मापांची फाइल कुठे ठेवली आहे, हे प्रोग्रॅमला सांगावं लागतं. लिहिणारा स्वतःच्या कॉम्प्युटरवरची जागा लिहून मोकळा होतो आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ती जागाच नसते. तुमच्याही ऑफिसात असे महाभाग असतील. "फाइल प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवा, तिथून वाट सांगा. मग त्याला कुठेही न्या," हे सांगून मॅडम थकल्या.

आमच्याकडचे महाभाग म्हणजे खुद्द साहेब. फाइल त्यांच्या लॅपटॉपवर, आणि तपासणीचे सगळे कॉम्प्युटर तिथूनच ती वाचणार. "माझा लॅपटॉप कधी बंद असतो का, मॅडम?" असं म्हणून हसायचे.

खंडेनवमीला झाला. साहेबांनीच तो बंद करून पूजेत मांडला, झेंडूचा हार घातला. तपासणी मात्र चालू ठेवायला सांगितली, कारण गिऱ्हाइकाची गाडी फाटकात उभी होती. थोड्याच वेळात एकेका स्क्रीनवर 'फाइल सापडत नाही' असं उमटलं.

"मॅडम, तुमचा प्रोग्रॅम बंद पडला!" साहेब सगळ्यांदेखत ओरडले.

"तुमचा लॅपटॉप सुरू करा, सर."

"पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

मॅडमनी लॅपटॉपला नमस्कार केला, हार अलगद काढून ताटात ठेवला आणि बटण दाबलं. फाइल प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमच्या शेजारी नेली, वाट दुरुस्त केली. गाडी वेळेवर गेली.

दसऱ्यानंतर वरच्यांनी माफी मागायला सांगितलं. साहेबांना नव्हे हो, मॅडमना! पूजा मोडली म्हणे! अहो, सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरला हळदकुंकू कोणी वाहिलं होतं? याच बाईंनी. माझं डोकं आजही फिरतं.

"माफी कशाची? माल गेला ना?" एवढंच म्हणून त्या डबा उचलून निघाल्या, त्या कायमच्याच.

फाइल अजून त्यांनी ठेवली तिथेच आहे. हल्ली साहेब नव्या लोकांना ही युक्ती स्वतःची म्हणून शिकवतात. मॅडमची एकच ओळख उरली आहे: पूजेतला हार काढणारी बाई. गाडी वेळेवर गेली होती, असं मी मध्येच म्हणालो की साहेब चहा मागवतात.