भरलेल्या कावेरीतली हरतालिका

लग्नानंतरची माझी पहिली हरतालिका तंजावरला झाली. मी नाशिकची. नोकरीसाठी चेन्नईला गेले आणि तिथे भेटलेल्या तंजावरच्या मराठी मुलाशी लग्न करून बसले. आमच्याकडे आई हरतालिकेला केळी, वरई, चहा, सगळं चालवून घ्यायची. इथे सासूबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं, "पाण्याचा थेंब नाही. थुंकी गिळलीस तर चालेल."

वन्सं, म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण, पापनाशमहून सकाळच्याच गाडीने आल्या. शाळेत गणित शिकवतात, घरी आल्या की मात्र शाळा सुटल्यासारख्या वागतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तोंड सुकलं गे हिचं आत्ताच! अजून ऊन पण जाहलं नाही." 'जाहलं' हा शब्द मी शाळेतल्या जुन्या उताऱ्यांबाहेर पहिल्यांदा याच घरात ऐकला. तोही तमिळच्या चालीवर, शेवटाला वर उचललेला. पहिले काही महिने मला वाटायचं, सगळे मला प्रश्नच विचारताहेत.

पूजेच्या महादेवाला वाळू लागते, आणि सासूबाईंच्या मते ती कावेरीचीच पाहिजे, आणि उपास करणारीने स्वतःच्या हातांनी आणलेली पाहिजे. म्हणून पितळेची कळशी घेऊन आम्ही तिघी तिरुवैयारूच्या बसमध्ये चढलो. सासूबाई कडक इस्त्रीच्या रेशमी साडीत, वन्सं मोगऱ्याचा भलामोठा गजरा माळून, आणि मी रिकाम्या पोटी. कंडक्टरने कळशीकडे बघून तमिळमध्ये विचारलं, "तुमच्या गल्लीत नळाला पाणी नाही का?" वन्सं म्हणाल्या, "पाणी नको, वाळू हवी." तो तिकिटं देऊन लांब जाऊन उभा राहिला.

घाटावर पोचलो आणि तिघीही वरच्याच पायरीवर थांबलो. नदी काठोकाठ भरली होती. वरून धरणाचं पाणी सोडलेलं. पलीकडच्या नारळांच्या बुंध्यापर्यंत गढूळ, तुडुंब, घाईत निघालेलं पाणी. वाळू कुठेही नाही. घाटाच्या बहुतेक पायऱ्यासुद्धा नाहीत.

सासूबाईंनी रिकामी कळशी कडेवर सरकवली. मग म्हणाल्या, "उन्हाळाभर पाणी दे, पाणी दे म्हणून हिच्या मागे लागलो. आता वाळू दे म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

मला हसू फुटलं. उपासाचं हसू वेगळंच असतं, पोटात त्याला अडवायला काही नसतं. मी तोंडावर पदर धरला. तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "खालच्या पायरीवर गाळ असेल, थांबा," आणि साडी वर खोचून पाण्यात उतरल्या. एक पायरी, दुसरी पायरी, पायानं चाचपडत. पुढची शेवाळलेली होती. वन्सं उभ्याच्या बसल्या, बसल्या त्या गळ्यापर्यंत, आणि एक क्षण गजऱ्यासकट दिसेनाशा झाल्या.

शेजारी कपडे धुणाऱ्या बाईने आणि मी त्यांना दंडांना धरून वर ओढलं. लागलं कुठेच नव्हतं. सासूबाईंनी लेकीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "गिळलंस?"

"काय?"

"पाणी गे! गिळलंस की थुंकलंस?"

वन्सं ठिबकत उभ्या होत्या. त्या गंभीरपणे म्हणाल्या, "आई, कावेरीनं मला गिळलं. मी तिला नाही गिळलं."

यावर मी पायरीवर बसलेच. धुणं धुणारी बाई मराठी न कळता हसायला लागली. शेवटी सासूबाईसुद्धा हसल्या, आधी फक्त खांदे, मग आवाज.

रिकामी कळशी घेऊन परत निघालो. बसथांब्याच्या वाटेवर एका घराचं बांधकाम चाललं होतं आणि दारातच हा एवढा वाळूचा ढीग. घराची मालकीण, वन्संच्याच वयाची एक तमिळ बाई, छत्री धरून देखरेख करत होती. वन्सं त्या ओल्या अवतारातच तिच्यापुढे गेल्या आणि नोंबूसाठी, म्हणजे व्रतासाठी, थोडी वाळू मागितली.

"हवी तेवढी घ्या," ती म्हणाली. "पण ही नदीची नाही हं. नदीची आता मिळते कुठे? ही यंत्रात दगड फोडून केलेली."

आम्ही दोघी सासूबाईंकडे वळलो. यंत्राची वाळू चालते का, हे कुठल्याच कहाणीत आलेलं नाही. सासूबाईंनी चिमूटभर उचलली, बोटांत चोळली, उन्हात धरली. "महादेव राहतो कुठे?" त्यांनी मला विचारलं.

"कैलासावर."

"म्हणजे डोंगरावर. ही डोंगरच दळून आली. त्याच्या घरची आहे. भर कळशी."

भरता भरता मालकिणीने विचारलं, व्रत नवऱ्यासाठी का? सासूबाईंनी तिथेच, ढिगाच्या कडेला उभं राहून, तमिळमध्ये कहाणी सांगितली. बापाने पार्वतीचं लग्न विष्णूशी ठरवलं. तिच्या मनात शंकर. ती रडायला लागली, तेव्हा मैत्रिणीने तिला घरातून पळवून रानात नेलं. तिथे पार्वतीने वाळूचा महादेव केला, अन्नपाणी सोडलं, आणि हवा तो नवरा मिळवला. मैत्रिणीने हरण केलं म्हणून हरतालिका.

"म्हणजे आधी मैत्रीण हवी," मालकीण म्हणाली.

"मैत्रीण नसती तर बसली असती घरी रडत," सासूबाई म्हणाल्या. मला ही कहाणी लहानपणापासून पाठ होती. पण आईच्या सांगण्यात तप मोठं असायचं आणि सखी एका वाक्यात येऊन जायची. इथे ती पळवून नेत होती, दगडधोंड्यांतून, पार्वतीचा हात घट्ट धरून.

घरी येऊन पूजा मांडली आणि खरी गंमत तिथे सुरू झाली. दगडाची वाळू एकमेकीला धरेना. सासूबाईंनी पिंड केली, ती बसली. मी केली, ती पसरली. वन्संनी पार्वती केली ती मात्र टिकली, पण शंकरापेक्षा दुप्पट झाली. सासूबाई म्हणाल्या, "असू दे, हट्ट तिचाच होता." शेवटी वन्संनी कोरा पितळी पेला आणला, ओली वाळू त्यात दाबून भरली आणि पाटावर पालथा मारला. पेला उचलला. महादेव ताठ उभे, वरून सपाट.

"पुट्टू," मी म्हणाले. तांदळाच्या पिठाचा तो उकडलेला, नळीतून काढलेला पदार्थ मी इथेच खायला शिकले होते. वन्संनी उपासाच्या दिवशी खाण्याचं नाव काढल्याबद्दल मला चापट मारली आणि स्वतःच हसून जमिनीवर लोळल्या. सासूबाई मंत्र म्हणत बेलाची पानं वाहत होत्या. अधूनमधून त्यांचा मंत्र गदगदायचा, थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेजारी त्यांनी सखीही केली, छोटी, आणि पार्वतीला इतकी चिकटून बसवली की दोघींची वाळू एक झाली.

संध्याकाळी नाशिकहून आईचा फोन आला. माझ्या आवाजावरून तिला काळजी वाटली. "आवाज घोगरा का ग झालाय? कडक उपास झेपत नसेल तर सांग त्यांना. चक्कर येते का?"

सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. "काळजी करू नका हो," त्या आईला म्हणाल्या. "उपासानं काही नाही जाहलं. हसून हसून बसलाय तिचा घसा."